कॅन्सरच्या ब्लड टेस्टचं मार्केट छापलंत, आता पहिल्या स्टेजचा आकडा पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पानावर कॅन्सर लवकर पकडणाऱ्या ब्लड टेस्टच्या मार्केटबद्दल मोठा लेख आला होता, तो वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची असेल तर माझ्या शेरेबाजीला लावा, आकड्यांना नको. लेखात सगळं होतं, कुठल्या कंपन्या, किती गुंतवणूक, हा धंदा पुढे किती अब्ज डॉलरचा होणार, कुठल्या शेअरवर लक्ष ठेवा वगैरे वगैरे. फक्त एक गोष्ट शोधून सापडली नाही, ती म्हणजे या टेस्ट पहिल्या स्टेजचे कॅन्सर शंभरातले किती पकडतात. लवकर पकडते म्हणून जी वस्तू विकली जाते तिच्याबद्दल पहिला प्रश्न हाच असायला हवा ना?

तर तो आकडा आधी सांगून टाकते. ग्रेल कंपनीची गॅलेरी ही या सगळ्यातली सगळ्यात गाजलेली टेस्ट. २०२१ पासून अमेरिकेत विकतायत, किंमत ९४९ डॉलर, रक्ताच्या एका सॅम्पलवर ५० पेक्षा जास्त प्रकारचे कॅन्सर शोधते असं सांगतात. तिच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे त्याच वर्षी ॲनल्स ऑफ ऑन्कोलॉजी या जर्नलमध्ये आले. कॅन्सर आहे हे ज्यांच्याबाबत आधीच माहीत होतं अशांचं रक्त तपासलं, तर सगळ्या स्टेज मिळून ५१.५ टक्के पकडले गेले. आता याची फोड बघा. चौथ्या स्टेजचे ९०.१ टक्के, तिसऱ्या स्टेजचे ७७ टक्के, दुसऱ्या स्टेजचे ४०.४ टक्के आणि पहिल्या स्टेजचे १६.८ टक्के. म्हणजे पहिल्या स्टेजला सहातला एक सापडतो आणि पाच निसटतात, आणि ज्याचा कॅन्सर अंगभर पसरलाय त्याचा मात्र हमखास सापडतो, ज्याला तोपर्यंत बहुतेक वेळा स्वतःलाच काहीतरी बिघडलंय हे कळलेलं असतं.

कंपनीची बाजू पण सांगायला हवी नाहीतर मी एकतर्फी बोलतेय असं होईल. सगळे कॅन्सर एका रांगेत उभे करून सरासरी काढणं तसं बरोबर नाही, कारण प्रोस्टेटचे किंवा थायरॉइडचे बरेच कॅन्सर रक्तात फार काही सोडतच नाहीत आणि त्यातले कित्येक जिवावर बेतणारेही नसतात. अमेरिकेतल्या कॅन्सरच्या मृत्यूंपैकी दोन तृतीयांश मृत्यू ज्या १२ कॅन्सरमुळे होतात, म्हणजे पॅनक्रियाज, लिव्हर, ओव्हरी, अन्ननलिका वगैरे, तेवढेच घेतले तर पहिल्या तीन स्टेज मिळून ६७.६ टक्के पकडले गेले. यातल्या बहुतेकांसाठी आज दुसरी कुठलीच स्क्रीनिंग टेस्ट नाहीये. हे छोटं नाही. आणि सिग्नल सापडला तर तो शरीरातल्या कुठल्या भागातून आलाय हे पण टेस्ट सांगते, त्या अभ्यासात ते ८८ टक्क्यांच्या आसपास बरोबर निघालं. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, आणि रक्तावरून "कॅन्सर आहे आणि बहुतेक लिव्हरचा आहे" असं कुणी सांगेल हे तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं असतं.

मुळात हे चालतं कसं ते लेखात दोन ओळीत उरकलं होतं, पण खरी मजा तिथेच आहे आणि अडचण पण तिथेच. आपल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात. हे १९४८ सालीच मांडेल आणि मेताय या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, पण पुढे कित्येक वर्षं त्याचं काय करायचं ते कुणाला सुचलं नाही. मग १९९७ मध्ये डेनिस लो या शास्त्रज्ञांनी गरोदर बाईच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडतो हे दाखवलं आणि त्यातून पुढे गरोदरपणातल्या त्या ब्लड टेस्ट आल्या ज्यात बाळाला डाउन सिंड्रोम आहे का वगैरे कळतं. त्या टेस्ट लाखोंनी व्हायला लागल्यावर एक विचित्र प्रकार झाला. काही रिपोर्ट असे यायला लागले की क्रोमोझोमचा नुसता गोंधळ, असं बाळ असणंच शक्य नाही, आणि बाळ तर एकदम नॉर्मल. इल्युमिना या डीएनए वाचायची मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्ट मेरेडिथ हॉल्क्स-मिलर यांना शंका आली की हा डीएनए बाळाचा नसून आईच्या कॅन्सरचा आहे, आणि ती शंका खरी निघाली. २०१५ मध्ये जामा जर्नलमध्ये हे आलं, सव्वा लाखावर सॅम्पलपैकी ३,७५७ पॉझिटिव्ह आले होते आणि त्यातल्या १० जणींना कॅन्सर असल्याचं कळलं. त्या बायकांना स्वतःला पत्ताही नव्हता. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, इल्युमिनाने ग्रेल ही वेगळी कंपनी काढली, पैसे लावणाऱ्यांत बिल गेट्स आणि जेफ बेझोस पण होते. म्हणजे पाया भक्कम आहे, हवेतून काढलेली गोष्ट नाही. ब्लड टेस्टचे खोटे दावे करून बुडालेल्या थेरानोस या अमेरिकन कंपनीशी याची तुलना करणारे लोक भेटतात, ती मला अजिबात पटत नाही, तिथे मशीनच चालत नव्हतं, इथे मशीन चालतं आणि त्याचे आकडे जर्नलमध्ये उघड छापलेले आहेत, ते वाचायचे कष्ट तेवढे आपण घेत नाही.

आता अडचण. १० मिलीच्या ट्यूबमधून प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून रक्ताचा पातळ भाग, निघतो साधारण चार-पाच मिली, आणि त्यात डीएनएच्या कुठल्याही एका जागेच्या कॉप्या असतात काही हजार फक्त. गाठ लहान असेल तर तिच्याकडून येणारा डीएनए दहा हजारात एक किंवा त्याहून कमी असू शकतो. मग सरळ गणित आहे, त्या ट्यूबमध्ये गाठीचा त्या जागेचा तुकडा आलेलाच नसेल तर जगातलं कितीही महाग मशीन आणा, ते वाचणार काय? म्हणून या कंपन्या एकाच जागी बघत बसत नाहीत, डीएनएवर जे मिथाइलचे ठिपके (चिकटलेल्या रासायनिक खुणा) असतात त्यांचा पॅटर्न लाखभर जागांवर बघतात, आणि त्यावर सॉफ्टवेअर चालवून ठरवतात की हा पॅटर्न कॅन्सरसारखा आहे का. नुसती म्युटेशन, म्हणजे डीएनएतले बदल, शोधण्यापेक्षा हे बरं कारण वय झालं की आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये पण म्युटेशन जमा होत जातात ज्यांचा कॅन्सरशी काही संबंध नसतो आणि त्या रिपोर्टमध्ये गोंधळ घालतात. आयडिया हुशार आहे यात वादच नाही. पण जो १६.८ चा आकडा आहे तो या हुशारीनंतरचा आहे, हे लक्षात घ्या. पुढच्या व्हर्जनमध्ये सॉफ्टवेअर सुधारलं की सगळं सुधारेल असं गुंतवणूकदारांना सांगितलं जातं, तर थोडं सुधारेलही, पण ट्यूबमध्ये जे नाही ते सॉफ्टवेअर तयार करू शकत नाही.

दुसरा मुद्दा फॉल्स पॉझिटिव्हचा, म्हणजे कॅन्सर नसताना पॉझिटिव्ह येण्याचा. लेखात होतं की टेस्टची अचूकता ९९.५ टक्के. हे वाक्य मला फार डाचलं, कारण वाचणारा माणूस त्याचा अर्थ असा घेतो की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की ९९.५ टक्के कॅन्सर आहेच. तसं नाहीये. ९९.५ चा अर्थ इतकाच की कॅन्सर नसलेल्या हजार जणांमध्ये पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह येईल. समजा पन्नाशी ओलांडलेले एक लाख लोक घेतले आणि धरून चाला की त्यातल्या १,००० जणांना कॅन्सर आहे. टेस्टने त्यातले निम्मे पकडले, म्हणजे ५००. उरलेल्या ९९,००० निरोगी लोकांत हजारी पाच म्हणजे ४९५ जणांना उगाच पॉझिटिव्ह. झाले की नाही जवळजवळ सारखे? म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्यांत अर्ध्या लोकांना काहीही झालेलं नाही, आणि ज्यांना खरंच झालंय त्यातले ५०० जण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन खुशीत घरी गेलेत. हा माझा कागदावरचा हिशोब झाला, पण प्रत्यक्षातले आकडे पण फार लांब नाहीत. २०२३ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या समूहात पाथफाइंडर नावाचा अभ्यास आला, ५० च्या वरच्या ६,६२१ लोकांची गॅलेरी केली, ९२ जणांना सिग्नल आला, त्यातल्या ३५ जणांना कॅन्सर निघाला आणि ५७ जणांना नाही. आणि त्या वर्षभरात एकूण १२१ जणांना कॅन्सर असल्याचं निदान झालं, म्हणजे बाकीचे ८६ दुसऱ्या स्क्रीनिंगमुळे किंवा त्रास व्हायला लागल्यावर कळले. नंतरच्या मोठ्या पाथफाइंडर २ अभ्यासात पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या वर लोकांना खरंच कॅन्सर निघाला, ही सुधारणा चांगलीच आहे, मान्य. तरी दहातले चार जण राहतातच.

या चार जणांचं काय होतं ते कुठल्याच मार्केट रिपोर्टमध्ये नसतं. मॅमोग्राममध्ये (स्तनाच्या एक्स-रेमध्ये) काही दिसलं तर निदान कुठे बघायचं ते माहीत असतं, इथे रिपोर्ट म्हणतो "सिग्नल आहे, जागा बहुतेक अमुक". मग सीटी, पेट स्कॅन, एंडोस्कोपी, कुठे काही ठिपका दिसला की बायोप्सी. काही सापडलं तर एका अर्थी सुटका, पण काही सापडलं नाही तर डॉक्टर पण छातीठोकपणे सांगू शकत नाही की नाहीये म्हणून, कारण कदाचित अजून दिसण्याइतकं मोठं झालं नसेल. पाथफाइंडरमध्ये ज्यांना खरा कॅन्सर होता त्यांचा निकाल लागायला मध्य धरला तर ५७ दिवस लागले आणि ज्यांना काहीच नव्हतं त्यांना १६२ दिवस. पाच महिन्यांच्या वर! निरोगी माणूस, स्वतःच्या पायाने चालत जाऊन, पैसे भरून टेस्ट केलेला, आणि पाच महिने आपल्याला कॅन्सर आहे की नाही या विचारात झोपणारा. लॅबमध्ये असताना शंकास्पद रिपोर्ट हातात पडलेल्या माणसांचे चेहरे बघितलेत मी. दुसऱ्या टेस्टने नाही म्हटलं तरी ते चेहरे लगेच सरळ होत नाहीत.

पण समजा हे पण सगळं सोडून दिलं. समजा टेस्ट खरंच लवकर पकडते असं धरलं. तरी खरा प्रश्न पुढेच आहे, आणि इथेच बहुतेक लेख घसरतात, कारण लवकर सापडला म्हणजे माणूस वाचला असं आपण सगळेच गृहीत धरतो. मी पण धरत होते, कारण ऐकायला इतकं सरळ वाटतं. ब्रिटनमध्ये ओव्हरीच्या कॅन्सरसाठी एक ट्रायल झाली, दोन लाखांवर बायका, २००१ ते २००५ मध्ये भरती केलेल्या, त्यातल्या एका गटाला दरवर्षी सीए-१२५ ची ब्लड टेस्ट आणि गरज पडली तर सोनोग्राफी. २०२१ मध्ये शेवटचा निकाल लॅन्सेटमध्ये आला. स्क्रीनिंग केलेल्या गटात पहिल्या स्टेजला सापडलेले कॅन्सर ४७ टक्क्यांनी जास्त, चौथ्या स्टेजचे साधारण २४ टक्क्यांनी कमी. कुठल्याही कंपनीने या आकड्यांवर पार्टी केली असती. आणि मृत्यू? दोन्ही गटात सारखेच. काहीच फरक नाही. लवकर सापडले, लवकर ऑपरेशन झालं, आणि शेवट तोच झाला. कारण काही कॅन्सर मुळातच इतके जहाल असतात की ते थोडे आधी सापडून उपयोग होत नाही, आणि जे आधी सापडले ते त्या जहाल जातीचे नव्हतेच बहुधा.

उलट टोकाचं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. तिथे थायरॉइडची सोनोग्राफी हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सर्रास व्हायला लागली आणि १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १५ पट झालं. १५ पट! मृत्यू तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांचे थायरॉइड काढले, आयुष्यभराची गोळी लागली, आणि ज्या गाठी काढल्या त्यातल्या बहुतेक तशाच ठेवल्या असत्या तरी त्या माणसाला कधी कळल्याही नसत्या. जपानमध्ये तान्ह्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांमधला मज्जापेशींचा कॅन्सर) शोधायचा कार्यक्रम १९८५ च्या सुमारास देशभर सुरू केला होता, सापडायचे पण भरपूर, पण मृत्यू कमी होईनात तेव्हा २००० नंतर तो बंद केला. पीएसए या ब्लड टेस्टवरून तर पुरुषांच्या प्रोस्टेटबाबत अमेरिकेत अजून भांडणं चालू आहेत.

अजून एक गंमत म्हणजे "पाच वर्षं जगण्याचं प्रमाण" हा आकडा, जो प्रत्येक कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये असतो, की पहिल्या स्टेजला सापडला तर इतके टक्के जगतात आणि चौथ्याला इतकेच. एक माणूस धरा जो कॅन्सरने ७० व्या वर्षी जाणार आहे. ६८ व्या वर्षी सापडला तर पाच वर्षं जगला नाही असं धरतात. तोच ६४ व्या वर्षी टेस्टमध्ये सापडला तर पाच वर्षं जगला, टेस्टचा विजय. गेला मात्र ७० व्या वर्षीच. त्याच्या वाट्याला काय आलं तर चार वर्षं जास्त पेशंट म्हणून जगणं. म्हणून स्क्रीनिंगच्या कामातली माणसं जगण्याची टक्केवारी सांगितली की कानाडोळा करतात आणि मृत्यू किती कमी झाले ते विचारतात.

यावरून कुणी असं म्हणू नका की स्क्रीनिंगच थोतांड आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी करून कित्येक देशांत मृत्यू खूप खाली आले. अमेरिकेत ५३ हजार सिगरेट ओढणाऱ्या लोकांवर ट्रायल झाली, लो डोस सीटी (कमी रेडिएशनचा स्कॅन) केल्याने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, २०११ मध्ये हे छापून आलं. या तपासण्यांनी ट्रायल किंवा वर्षानुवर्षांच्या नोंदींतून मृत्यू कमी करून दाखवले, म्हणून त्या टिकल्या. एका सॅम्पलमध्ये अनेक कॅन्सर शोधणाऱ्या एकाही ब्लड टेस्टकडे आज असा पुरावा नाहीये. ब्रिटनच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, गॅलेरीची मोठी ट्रायल घेतली, ५० ते ७७ वयाचे १ लाख ४० हजार लोक, अर्ध्यांची टेस्ट करायची, अर्ध्यांचं रक्त नुसतं जपून ठेवायचं. चांगली ट्रायल. पण तिचा मुख्य निकष सुद्धा तिसऱ्या-चौथ्या स्टेजचे कॅन्सर कमी होतात का इतकाच ठेवलाय, मृत्यूचा नाही, कारण मृत्यूचं उत्तर यायला बरीच वर्षं जातात आणि तेवढा धीर ना कंपनीला ना सरकारला. ओव्हरीच्या ट्रायलमध्ये काय झालं ते वर लिहिलंच आहे. पहिल्या वर्षाचे आकडे बघून एनएचएसने २०२४ मध्ये लगेच पायलट, म्हणजे लोकांसाठी मर्यादित प्रमाणावर वापर, सुरू करायला नकार दिला, पूर्ण निकाल येऊ द्या म्हणाले, मला तर त्यांचं कौतुक वाटलं कारण २०२० मध्ये घोषणा किती गाजावाजा करून झाली होती.

आता मार्केटकडे येते कारण तुमचा लेख त्यावर होता. या धंद्याचा मोठा आकडा येतो कुठून? अमेरिकेत ५० ते ८० वयाचे लोक धरा १० कोटी, प्रत्येकाने वर्षाला ९४९ डॉलर दिले तर ९,४९० कोटी डॉलर. झालं मार्केट तयार. यात कुठेही कॅन्सर झालेल्या माणसांचा आकडा नाही, हे लक्षात आलं का? २०२२ मध्ये जगभरात कॅन्सरच्या साधारण २ कोटी नव्या केसेस आणि ९७ लाख मृत्यू झाले, हे आकडे अशा लेखात पहिल्या ओळीत असतात पण हिशोबात ते येतच नाहीत. हिशोब आहे निरोगी लोकांचा. औषधाचं मार्केट आजारी लोकांइतकंच असतं, या टेस्टचं मार्केट म्हणजे जो कोणी पन्नाशीला पोचला तो, आणि दरवर्षी, मरेपर्यंत. गुंतवणूकदारांना इतकी भुरळ पडते ती उगाच नाही. आणि नेमकं याच कारणासाठी पुरावा औषधापेक्षा जास्त कडक मागायला हवा, कारण आजारी माणूस औषधाचा धोका पत्करतो तेव्हा त्याला पर्याय नसतो, निरोगी माणसाला असतो.

आणि कागदावरच्या आकड्याची प्रत्यक्षात काय गत होते ते पण बघा. २०२४ मध्ये ग्रेलने १ लाख ३७ हजारांच्या वर गॅलेरी टेस्ट विकल्या आणि कंपनीचा पूर्ण वर्षाचा महसूल होता १२ कोटी ५६ लाख डॉलर. कुठे ९,४९० कोटी आणि कुठे साडेबारा कोटी. इल्युमिनाने तर आधी स्वतःच काढलेली ग्रेल २०२१ मध्ये ७०० कोटी डॉलरच्या वर मोजून परत विकत घेतली, तीही युरोपात अशा सौद्यांना मंजुरी देणाऱ्या युरोपियन कमिशनची परवानगी यायच्या आधीच. मग २०२२ मध्ये त्यातले ३९० कोटी डॉलर बुडीत दाखवायला लागले, २०२३ मध्ये कमिशनने ४३ कोटी २० लाख युरोचा दंड ठोकला, बडे गुंतवणूकदार कार्ल आयकान यांनी भागधारकांना घेऊन भांडण काढलं, सीईओ गेले, आणि जून २०२४ मध्ये ग्रेल पुन्हा वेगळी केली. वरून सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की कमिशनला या प्रकरणात पडायचा अधिकारच नव्हता. हसावं की रडावं! तुमच्या लेखात या सगळ्या प्रकरणाला "काही नियामक अडथळे" एवढं म्हटलं होतं.

पैसा मात्र येतोच आहे. कॅन्सरच्या टेस्ट बनवणाऱ्या एक्झॅक्ट सायन्सेसने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधनातून निघालेली, अशीच अनेक कॅन्सरची ब्लड टेस्ट बनवणारी थ्राइव्ह कंपनी २०० कोटी डॉलरच्या वरच्या सौद्यात घेतली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ॲबट या बड्या अमेरिकन आरोग्य कंपनीने एक्झॅक्टलाच सुमारे २,१०० कोटी डॉलरला घ्यायची घोषणा केली. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. एक्झॅक्टची कमाई मुख्यतः कोलोगार्डवर उभी आहे, आणि ती आहे शौचाच्या नमुन्याची टेस्ट, एकाच (मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरसाठी, २०१४ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं-टेस्टना मंजुरी देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेने, मंजूर केलेली. म्हणजे पैसे कुठे मिळतात तर जिथे एक कॅन्सर, पक्का पुरावा, एफडीएची मंजुरी आणि इन्शुरन्स देतो तिथे. गॅलेरी विकली जाते ती एफडीएच्या मंजुरीशिवाय, लॅबने स्वतः तयार केलेली टेस्ट या सवलतीखाली. एफडीएने २०२४ मध्ये अशा टेस्टवर लगाम घालायचा नियम काढला होता, तो २०२५ च्या मार्चमध्ये टेक्सासच्या एका कोर्टाने रद्द केला. हे कळलं तर खिशातून ९४९ डॉलर काढणारा माणूस जरा थांबेल असं मला वाटतं.

मला आशा कुठे वाटते विचाराल तर दोन ठिकाणी. एक म्हणजे ज्याला कॅन्सर होऊन गेलाय, ऑपरेशन झालंय, त्याच्या रक्तात पुन्हा काही दिसतंय का हे बघणं. तिथे त्या माणसाच्या गाठीचा डीएनए आधीच माहीत असतो त्यामुळे नेमकं काय शोधायचं ते ठरलेलं असतं आणि केमो द्यायची की टाळायची यासाठी उपयोग होऊ शकतो. यावर बोलणारे लोक कमी कारण मार्केट लहान. दुसरं म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी गार्डंट कंपनीची शील्ड ही ब्लड टेस्ट, जी जुलै २०२४ मध्ये एफडीएने ४५ च्या वरच्या लोकांसाठी मंजूर केली. अभ्यासात तिने ८३ टक्के कॅन्सर पकडले. पण कॅन्सर व्हायच्या आधीचे जे मोठे पॉलिप (आतड्याच्या आतल्या गाठी) असतात ते फक्त १३ टक्के, आणि कोलोनोस्कोपीचा (आतड्यात कॅमेरा घालून करायच्या तपासणीचा) खरा फायदाच तो की पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढून टाकता येतो, कॅन्सर व्हायच्या आधीच. म्हणजे ही एकच टेस्ट वरदान पण होऊ शकते आणि नुकसान पण. जे लोक कोलोनोस्कोपीच्या नावाने पळतात आणि काहीच करून घेत नाहीत त्यांनी ही केली तर फायदाच फायदा. पण जो कोलोनोस्कोपीला तयार होता तो "रक्तावर होतंय ना, मग कशाला" म्हणून इकडे वळला तर तोटा. कंपनीच्या हिशोबात दोघंही एकच गिऱ्हाईक. तेच गॅलेरीचं पण, निगेटिव्ह रिपोर्ट आला म्हणून कुणी मॅमोग्राम चुकवला तर ती टेस्ट त्या बाईच्या जिवावर उठली असं म्हणायचं. कंपनी स्वतः लिहिते की बाकीच्या तपासण्या चालू ठेवा, पण बारीक अक्षर कोण वाचतं.

तर संपादक साहेब, माझी मागणी फार मोठी नाही. हा विषय तुम्ही पुन्हा छापणारच, छापाच, महत्त्वाचा आहे. फक्त एखाद्या टेस्टचं नाव आलं की तिच्याशेजारी पहिल्या आणि दुसऱ्या स्टेजचा आकडा द्या, पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे किती निघाले ते द्या, मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आहे की नाही ते हो किंवा नाही एका शब्दात द्या. चौकटीत मावेल एवढंच आहे. आणि तो लेख अर्थविषयक पानावरच येऊ द्या, आरोग्य पुरवणीत नको, कारण शेअर घेणाऱ्यालाच हे आधी कळायला हवं.

आणि हो, एक राहिलंच. लेखात टेस्टची किंमत होती, पण पॉझिटिव्ह आल्यावर जो पेट स्कॅन आणि बायोप्सी होते त्याचं बिल कोण भरणार हे कुठेच नव्हतं. तुमच्या प्रतिनिधीने कंपन्यांना हे विचारून बघावं आणि जे उत्तर येईल ते, किंवा उत्तर आलं नाही तर तसं, छापावं.

आपली,
एक नियमित वाचक
(पूर्वी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेली)